उड्या मारणारी मुलगी

मंगळवार, ४

बढती मिळाली की शिक्षा, ते अजून ठरत नाहीये. इतकी वर्षं मी संग्रहालयात चित्रांशेजारच्या पाट्या लिहीत होते. चित्रकाराचं नाव, साल, तैलरंग की जलरंग. कोणी वाचत नाही, त्यामुळे कोणी चुकाही काढत नाही. सुखात होते. आज संचालकबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तळमजल्यावरचं छोटं सभागृह धूळ खात पडलंय. तिथे शनिवार-रविवार फिल्म दाखवायच्या. दुपारी छोट्या ॲनिमेशन फिल्म, संध्याकाळी चित्रकारांवरचे माहितीपट. सगळं तुम्ही बघायचं."

"बाई, मला फिल्ममधलं ओ की ठो कळत नाही."

"मग शिका," म्हणाल्या. झालं. विषय संपला.

सभागृहाबरोबर प्रोजेक्टरवालाही माझ्या पदरात पडलाय. सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने पहिल्याच दिवशी धडा दिला. "फिल्म आली की सुरुवात बघायची आणि शेवट बघायचा. चित्र दिसतंय, आवाज लागतोय, की पास. मधलं कोण बघत बसतंय?" म्हटलं, बरं आहे, शितावरून भाताची परीक्षा.

पण खरी मजा पुढेच आहे. बाईंनी यादीत सगळ्यात वर कोणाला घातलंय? आमच्या दादाला! त्याच्यावरचा नवा माहितीपट आणि त्याला जोडून त्याची ती जगभर गाजलेली छोटी फिल्म. पुढच्या शनिवारी तो स्वतः येणार, लोकांशी बोलणार. तो माझा सख्खा भाऊ आहे, हे इथे कोणालाही माहीत नाही. नवरा गेला, पण त्याचं आडनाव माझ्याकडे राहिलं, म्हणून झाकलं गेलं. मीही कधी बोलले नाही. भावाच्या वशिल्याने चिकटली म्हणायला लोक टपलेलेच असतात. पण आता सांगणार. भर सभागृहात, माईक हातात घेऊन. बघू दे सगळ्यांची तोंडं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. दादाला जगाने डोक्यावर घेतलं, पण हिने त्याची ती फिल्म आजवर बघितलेली नाही. कधी डोकं दुखतं, कधी डोळे चुरचुरतात. अशी कशी आई, काही कळत नाही.

गुरुवार, ६

दादाच्या दोन्ही फिल्म आल्या. मास्तरांच्या नियमाने माहितीपटाची सुरुवात बघितली, शेवट बघितला. पास.

छोटी फिल्म मात्र पूर्ण बघितली, कारण ती आहेच एवढीशी. नुसत्या पेन्सिलच्या रेघा. एका अंगणात एक लहान मुलगी लंगडी घालते, उड्या मारते, खडूने जमिनीवर काहीबाही काढते, पुन्हा उड्या मारते. शेवटी फाटकातून बाहेर पडते आणि दिसेनाशी होते. संपलं. यात जगाला रडू येण्यासारखं काय आहे, मला अजून समजलेलं नाही. मास्तर मात्र नाक ओढत होते.

मी मनातल्या मनात हसत होते. कारण त्या उड्या माझ्या आहेत! दादा तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात होता आणि मी तिसरीत असेन. एक एक हालचाल कागदावर उतरवायची, मग कागद भराभर फिरवले की चित्र हलतं, असं त्याचं शास्त्र. पण हालचाल बघायला कोणीतरी हवं ना, तर ही बकरी होतीच. सुट्टीभर मला गच्चीवर उड्या मारायला लावल्या. "डाव्या पायावर. नाही, उजवा नको. खडू डाव्या हातात धर." मी चिडायचे, अरे मी उजवी आहे! तर म्हणे, "माझ्यासाठी डावी हो ना थोडा वेळ." वर लाडीगोडी. चॉकलेट.

एक दिवस आई गच्चीवर वाळवण काढायला आली. आम्हाला बघून दारातच थबकली. मग पुढे आली आणि दादाच्या हातातले सगळे कागद ओढून टराटरा फाडले. आईला एवढी चिडलेली मी आधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. मला उन्हात दमवतो म्हणून चिडली असणार. त्या दिवशी ती जेवलीही नाही. दादा कागद गोळा करत बसला. त्याला उलट उत्तर न देता आलेला तेवढा एकच प्रसंग मला आठवतो.

आज नीट बघताना एक गोष्ट खटकली. ते अंगण आमचं नाही. आम्ही कायम तिसऱ्या मजल्यावर राहिलो, अंगण कुठलं? आणि हनुवटीवर त्याने एक खळी काढली आहे. माझ्या हनुवटीला खळी आहे का? सात पिढ्यांत नाही. एवढा मोठा कलाकार, पण बहिणीचा चेहरा धड काढता आला नाही.

शुक्रवार, ७

दादाचा फोन. "माझ्यावरची फिल्म बघितलीस?"

"बघितली की. सुरुवात आणि शेवट."

"आणि मधलं?"

"मास्तर म्हणतात, मधलं कोणी बघत नाही."

तो हसला नाही. म्हणाला, "तू बघ. एकटी बस आणि पूर्ण बघ. मग मला फोन कर. लोकांसमोर बघायच्या आधी." मी म्हटलं, मला इथे खुर्च्या मोजायला वेळ नाही आणि तू मला अभ्यास कसला देतोस. "बघ गं," म्हणाला. फार नाटकी झालाय हल्ली.

रविवार, ९

पहिला शनिवार-रविवार पार पडला. दुपारच्या ॲनिमेशनला लहान मुलं होती. एका फिल्ममध्ये मातीची कोंबडी मातीचं अंडं घालते आणि त्यातून तीच कोंबडी निघते. मुलं खुळ्यासारखी हसली. संध्याकाळी एका शिल्पकारावरचा माहितीपट होता. त्यात तो शिल्पकार बराच वेळ नुसताच दगडाकडे बघतो. मागच्या रांगेतला एक गृहस्थ घोरायला लागला. मास्तर म्हणाले, "आवाज फिल्ममधला नाही, मी तपासलंय."

पाय मोडून आलेत, पण मजा येतेय, हे कबूल करते. दादाला सांगायला हवं.

सोमवार, १०

आज जे ऐकलं ते आधी लिहून टाकते.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. माहितीपत्रकासाठी दादाच्या माहितीपटातली दोन वाक्यं हवी होती, म्हणून मास्तरांना लावायला सांगितलं. रिकाम्या सभागृहात आम्ही दोघंच. सुरुवातीला त्याचं घर, टेबल, कागदांचे गठ्ठे, त्याचे विनोद. सगळं नेहमीचं. मग मुलाखत घेणारी बाई विचारते, "त्या फिल्ममधली ती उड्या मारणारी मुलगी कोण?"

दादा खिडकीकडे बघतो. मग म्हणतो, "माझी बहीण. धाकटी. ती गेली. लहान असतानाच गेली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मास्तरांना म्हटलं, मागे घ्या. त्यांनी मागे घेतलं. पुन्हा तेच. "ती गेली." आणि मग डोळे पुसतो! कॅमेऱ्यासमोर! त्या बाईचा आवाजही दाटून येतो. मागे सनई नाही तर सारंगी, काय ते वाजायला लागतं.

मास्तर शर्टाच्या बाहीने डोळे टिपत होते. "बिचारी पोर," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बाई, तुम्ही तर पांढऱ्याफटक पडलात. पाणी आणू?"

काय सांगू त्यांना? की मास्तर, ती बिचारी पोर तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलीय, वय वर्षं पन्नासच्या पुढे, रक्तदाब आहे, पण अजून गेलेली नाही?

अक्षरशः तोंडात मारल्यासारखं झालं. दादा थापाड्या आहे, हे काही मला नवीन नाही. शाळेला दांडी मारायची असली की हा आजोबांना मारायचा. आजोबा शाळेत इतक्यांदा गेले की शेवटी हेडमास्तर घरी आले सांत्वनाला आणि दार आजोबांनीच उघडलं. घरात हा किस्सा अजून सांगतात. बाबा बोटीवर कप्तान आहेत, अशी थाप त्याने अख्ख्या गल्लीत खपवली होती, आणि बाबा पोस्टात होते. पण आजोबा वेगळे आणि मी वेगळी. जिवंत बहिणीला मारून बक्षिसं घ्यायची? आणि किती वर्षं हा हे सांगत फिरतोय? लोक त्याला भेटले की "बहिणीचं वाईट वाटलं" म्हणत असतील आणि हा मान खाली घालून ऐकून घेत असेल.

घरी येण्याआधी रस्त्यातूनच फोन केला.

"बघितलंस?" तो म्हणाला. आवाज एकदम हळू.

"बघितलं. लाज नाही वाटली?"

"ऐक. हे फोनवर बोलण्यासारखं नाही. मी येतो ना शुक्रवारी, तेव्हा..."

"तेव्हा काय? तोपर्यंत नवी थाप शिजवणार आहेस?"

तो म्हणाला, "तू समजतेस तसं नाहीये. आणि शनिवारी आईला आणू नकोस. हात जोडतो."

मी फोन कापला. आईला आणू नको म्हणे! आणणारच. तिनेच भर सभेत याचे कान उपटायला हवेत.

बुधवार, १२

झोप नाही, भूक नाही. बाजूच्या टेबलवाली म्हणते, चेहरा उतरलाय. उतरणारच, मेलेल्या माणसाचा चेहरा अजून कसा असणार.

आणि आज कहर झाला. संचालकबाईंनीही तो माहितीपट बघितला. डोळे लाल करून माझ्याकडे आल्या. "काय माणूस आहे हो! इतकं दुःख इतक्या साधेपणाने... सभागृहाच्या दाराशी त्यांची मूळ चित्रं लावू. शेजारी पाटी हवी. तुम्ही छान लिहिता. बालपणी गमावलेल्या बहिणीच्या आठवणीत, असं काहीतरी."

तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई, ती बहीण मीच. पण तेव्हा सांगितलं असतं तर दादा खोटा ठरला असता, कार्यक्रम कोसळला असता, आणि मला ते असं खोलीत, हळू आवाजात नको होतं. मला ते सगळ्यांदेखत हवं होतं. तर मी लिहिली. माझ्याच मरणाची पाटी माझ्याच हाताने, तीही शुद्ध भाषेत. बाई म्हणाल्या, "फार हृद्य झालीय."

पुरावा हवा म्हणून संध्याकाळी आईकडे माझे लहानपणीचे फोटो मागितले. तिने पेटी उघडून दिली. माझे आहेत ढीगभर. दादाचा एक बारशातला आणि मग एकदम आठ-नऊ वर्षांचा, मधले नाहीतच. विचारलं, मधले कुठे गेले? "घर बदलताना हरवले," म्हणाली. हरवले तर सगळे हरवतील, मधलेच कसे? पण हिची हरवण्याची पद्धत वेगळी.

मग म्हटलं, "शनिवारी चल. दादावर फिल्म आहे, त्याची ती जुनी फिल्मही आहे. डोकं दुखतं म्हणू नकोस."

तिने पेटीचं झाकण लावलं. मग विचारलं, "त्यात हौद आहे का?"

"कसला हौद?"

"अंगणात."

मी आठवून बघितलं. कोपऱ्यात एक चौकोन आहे खरा. "असेल. का गं?"

"काही नाही. येईन मी," म्हणाली. फिल्म कधी बघितली नाही आणि हौदाचं हिला कोणी सांगितलं? दादाने कधीतरी फोनवर बडबड केली असेल.

शुक्रवार, १४

दादा आला. संग्रहालयाजवळच्या हॉटेलात सामान टाकून थेट घरी. केस पार पांढरे झालेत. आईच्या पाया पडला, तिने पाठीवरून हात फिरवला, दोघंही हवापाण्यावर बोलले. हवापाणी! जसे काही दोन परके लोक बसस्टॉपवर.

आई आत गेल्यावर मला म्हणाला, "चल, जरा बाहेर चालून येऊ."

"मला काम आहे."

"दहा मिनिटं."

"इतक्या वर्षांत दहा मिनिटं मिळाली नाहीत का?"

"नाही मिळाली," तो म्हणाला. "तुला खोटं वाटेल, पण नाही मिळाली. आईला शब्द दिला होता मी."

म्हटलं, आता आईलाही यात ओढ. थापेला साक्षीदार लागतोच. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता गोड बोलून गुंडाळेल, चॉकलेट देईल. पण त्याने नुसती चप्पल घातली आणि गेला. दारातून एवढंच म्हणाला, "निदान तिला पुढच्या रांगेत बसवू नकोस."

घाबरलाय. घाबरू दे.

शनिवार, १५

आज लिहिता येत नाही.

रविवार, १६

कालचं लिहिते. नाही लिहिलं तर वेड लागेल.

सभागृह खच्चून भरलं होतं. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईला मी पहिल्या रांगेत, अगदी मध्ये बसवलं. मुद्दाम. दादा कडेच्या खुर्चीत होता. आईला बघून त्याने डोळे मिटून घेतले. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

माहितीपट झाला. "ती गेली" या वाक्याला सभागृहात नाक ओढण्याचे आवाज. मी वाकून आईकडे बघितलं. ती ताठ बसली होती, हात मांडीवर. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मग ती छोटी फिल्म. मुलगी अंगणात उड्या मारायला लागली तसा आईने स्टेजसमोरचा कठडा धरला आणि फिल्म संपेपर्यंत सोडला नाही.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. मी दादाबरोबर स्टेजवर गेले, माईक घेतला. आठवडाभर आरशासमोर पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"आत्ता आपण ज्या बहिणीसाठी रडलात, ती मी. यांची धाकटी बहीण. ठणठणीत आहे. या उड्यासुद्धा माझ्याच आहेत, आमच्या गच्चीवर मारलेल्या. आमच्या दादाला लहानपणापासून माणसं मारायची सवय आहे, आजोबांनाही शाळेत मारायचा."

कोणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. एकाने टाळीही वाजवली. संचालकबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मी दादाकडे वळले. मला वाटलं होतं तो चिडेल, सारवासारव करेल, हसण्यावारी नेईल. तो नुसता उभा होता. आजोबांच्या थापेचं बिंग फुटलं त्या दिवशीही त्याचं तोंड इतकं पडलं नसेल.

आणि पहिल्या रांगेतून आई बोलली. माईक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"अगं, ती तू नव्हेस. तुझ्या आधीची ती."

मला कळेचना. मी वेड्यासारखी माईकमध्येच म्हणाले, "काय?"

"उड्या तुझ्या असतील. पोरगी ती. तुझ्या आधीची."

हसणं असं थांबलं की प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती नुसती म्हण नाहीये. मी खरंच टेबलाला धरलं. दादाने माझ्या हातातून माईक काढून घेतला, बंद केला, खाली ठेवला. स्टेजवरून उतरला आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेला. लोक पाय बाजूला घेऊन त्याला वाट देत होते. मी ज्याला भर सभेत खोटा पाडायला निघाले होते, तो त्या सभागृहातला एकटाच खरं बोलत होता.

टॅक्सीत आईने सांगितलं. खिडकीबाहेर बघत, एखाद्या तिसऱ्याच घरचं सांगावं तसं. माझ्या जन्माआधी ते दुसऱ्या गावात राहायचे, बैठ्या घरात. अंगण होतं, अंगणात पाण्याचा हौद होता. मुलगी चार वर्षांची होती. डावखुरी. हनुवटीला खळी. आई दुकानात गेली होती आणि दादाला सांगून गेली होती, हिच्याकडे लक्ष ठेव. तो सात वर्षांचा. परत आली तेव्हा दादा पायरीवर चित्र काढत बसला होता आणि ती हौदात होती.

त्यांनी गाव सोडलं. तेव्हाचे सगळे फोटो आईने फाडले. दादाला म्हणाली, या घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, कोणाकडेही नाही. त्याने काढलं नाही. मग मी झाले. माझ्याकडे तर मुळीच काढायचं नव्हतं.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस? मोठी झाल्यावर तरी?"

"तू हसरी होतीस," आई म्हणाली. "घरात एक तरी हसणारं हवं होतं."

डावा पाय, डावा हात, खळी, ते अंगण, फाडलेले कागद, नसलेले फोटो. सगळं माझ्यासमोर होतं, मी सगळ्याला नावं ठेवली. आणि तो बिचारा फोनवर हात जोडत होता. आत्ता हे लिहिताना लक्षात आलं, मी आईला तिचं नाव विचारलंच नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव मला माहीत नाही आणि विचारायला तोंड उघडत नाही.

दादा फोन उचलत नाही. आजचा खेळ मास्तरांनी एकट्याने सांभाळला.

सोमवार, १७

संचालकबाई स्वतः घरी आल्या. वाटलं, नोकरी गेली. त्या नुसत्या बसल्या. जाताना म्हणाल्या, "ती पाटी काढायची का?" मी म्हटलं, राहू द्या. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे.

दुपारी आई म्हणाली, "त्याला बोलाव." म्हटलं, तो माझा फोन घेत नाही. "मग माझ्या फोनवरून लाव." तिच्या फोनवरून लावला तर पहिल्याच घंटीला उचलला. आई एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी ये. चहाला."

मंगळवार, १८

तो आला. दाढी वाढलेली, शनिवारचेच कपडे. मी दार उघडलं आणि त्याला आत घ्यायच्या आधीच म्हटलं, "दादा, माझं चुकलं. कुठल्या तोंडाने माफी मागू?"

"तुझं काय चुकलं?" तो म्हणाला. "आजोबांना इतक्यांदा मारल्यावर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मला तर रडूच कोसळलं. तिथेच पायपुसण्यावर उभी राहून रडले, आणि तो "अगं आत तरी येऊ दे" म्हणत राहिला.

आई टेबलाशी बसली होती. मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊ लागले, तर म्हणाली, "तू पण बस. तुलाही ऐकायचंय." बसले. तिघंही चहाकडे बघत होतो.

मग आईने तिचं नाव घेतलं. मी ते इथे लिहीत नाही, आज पहिल्यांदाच ऐकलंय, अजून हाताला वळण नाही. नाव ऐकल्याबरोबर दादाचा कप बशीवर आदळला. इतक्या वर्षांत त्यानेही ते कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आई म्हणाली, "मी तुला कधी काही बोलले नाही."

"नाही बोललीस."

"मला भीती होती. बोलायला लागले तर तोंडून भलतंच काही निघेल. मग तूही जाशील. म्हणून विषयच बंद केला."

"आई, तू दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं," दादा म्हणाला. "मी वाट बघत होतो. रोज शाळेतून येताना वाटायचं, आज मारेल."

आईने पदराने नाही, नुसत्या तळहाताने तोंड पुसलं. मग विचारलं. मला वाटतं, हे विचारायलाच तिने त्याला बोलावलं होतं. एवढी वर्षं तिला विचारायचं होतं, आणि सांगू शकेल अशा एकाच माणसाचं तोंड तिने स्वतःच बंद केलं होतं.

"त्या दिवशी ती शेवटचं काय बोलली रे?"

दादा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मी म्हणणार होते, नको असेल तर नको सांगूस. पण ते म्हणणारी मी कोण.

"माझं चित्र काढ म्हणून मागे लागली होती," तो म्हणाला. "मी काढत होतो. पण सारखी हलायची. एका जागी उभीच राहीना. मी दोनदा सांगितलं, हलू नकोस, चित्र बिघडतंय. तिसऱ्यांदा मी ओरडलो. म्हटलं, हलायचंच असेल तर जा तिकडे."

त्याने कप बशीत सरळ केला.

"मग ती म्हणाली, 'बरं.' आणि गेली. उड्या मारत."

आई डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, आता ती कोसळेल. मी उठायला लागले, तर तिने डोळे उघडले आणि दादाला म्हणाली, "सात वर्षांचा होतास रे तू. ये. इकडे ये."

साठीचा माणूस तो, पण त्याला खुर्चीतून उठता येईना. मग आईच उठली.